पाठीला पाठ लावलेले कागद

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गिरणीला उसंत नसते. पंचमीला काही चिरायचं नाही, काही दळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून सगळं गाव आदल्या दिवशीच डबे डोक्यावर घेऊन येतं. त्या सोमवारी शिवकन्या सकाळी सातपासून गिरणीच्या तोंडाशी उभी होती. पीठ अंगठ्यानं चोळून बघायचं, जाड वाटलं तर चाक आवळायचं, भरलेला डबा ओढायचा, रिकामा लावायचा. हात आपोआप चालत होते. डोळे मात्र पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या खिळ्याकडं जात होते. खिळ्याला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती आणि पिशवीत एक निळी फाईल होती.

"शिवकन्ये, ज्वारीवरच माझा गहू लावलास की गं," चांगुणाबाई म्हणाली. "ध्यान कुठंय तुझं?"

शिवकन्यानं मशीन बंद केलं. एक धान्य संपलं की दुसऱ्याच्या दोन मुठी टाकून जातं साफ करायचं आणि मगच दळण लावायचं, हे ती झोपेतही चुकली नसती. आज चुकली. आधीच्या ज्वारीचं पीठ चांगुणाबाईच्या गव्हात उतरलं होतं.

"वरचं काढून देते, मावशी."

"पिठातलं पीठ कसं काढतीस? राहू दे. पंचमीची दिंडं उकडताना फुटतील, दुसरं काय." चांगुणाबाईनं डबा उचलला नाही. आवाज खाली केला. "जीवन आलाय म्हणं चुडाव्याला. न्यायला येणार का काय तुला?"

"पीठ गार होऊ द्या मावशी. गरम भरलं की जाळं धरतंय."

राणीसावरगावच्या पुढं पाचेक किलोमीटरवर हे गाव. शिवकन्या ढगे इथलीच लेक, वय एकतीस. तीन वर्षांपूर्वी चुडाव्याच्या सासरहून आली आणि भावाच्या घराला लागून असलेली गिरणी तिनं हातात घेतली. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर दिवसभर पीठ बसतं. संध्याकाळी ती तोंड धुते तेव्हा दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर येते. कुणी विचारलं तर ती "माहेरी राहायलेय" एवढंच सांगायची. तीन वर्षं ते वाक्य पुरलं होतं.

फाईलमध्ये गंगाखेडच्या राजेश्री वकीलबाईंनी लिहून दिलेली यादी होती. दोघांचं आधार. दोघांचे दोन-दोन फोटो. पत्त्याचा पुरावा. लग्नपत्रिका. लग्नातला एक फोटो, दोघं दिसतील असा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर तेही. पहिल्या तीन ओळींपुढं शिवकन्यानं बरोबरची खूण केली होती. खालच्या तीन ओळी मोकळ्या होत्या.

नवऱ्याचा, जीवनचा, फोन शनिवारी आला होता. तो चाकणला कंपनीत आहे. तिथं त्याचं दुसरं घर आहे, त्या घरात एक दोन वर्षांचं मूल आहे. हे दोन्ही गावांना माहीत होतं आणि दोन्ही गावांत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"राखीपर्यंत हाय मी," तो म्हणाला होता. "राखी झाल्यावर सोमवारी, रातच्या गाडीनं जाणार. तवर कागद तयार ठेव. सही करतो."

"नक्की?"

"व्हय म्हणलं ना."

तीन वर्षांत दोघांचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. तेव्हापासून शिवकन्याला बसवत नव्हतं. जेवताना ती मधेच उठायची, फाईल बघायची, परत पानावर बसायची. राखीनंतरच्या सोमवारची सोय झाली नाही तर तो दिवाळीला येईल, किंवा येणार नाही, किंवा त्याचं मन फिरेल. मध्ये जेमतेम दोन आठवडे होते.

आणि उरलेले तीन कागद भावजयीच्या कपाटात होते.

साध्या घरात ही गोष्ट एका हाकेची असती. पण शिवकन्याचं लग्न साट्यालोट्यातलं. अकरा वर्षांपूर्वी ढग्यांची लेक शिवकन्या गरुडांच्या जीवनला दिली आणि गरुडांची लेक सविता ढग्यांच्या बजरंगला आणली. एकच मांडव, एकच पंगत, एकच पत्रिका, एकच फोटोवाला. बजरंग आणि जीवन एकमेकांना दाजी म्हणायचे आणि दोघंही खरे असायचे. बायकांनी गंमत केली होती की या दोघींपैकी कुणी कुणाच्या पाया पडायचं ते आधी ठरवा, दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. सविता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. फोटोच्या वेळी तिनं शिवकन्याचा दंड जो धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

साट्याची गंमत तेवढ्यापुरतीच. इकडं हललं की तिकडं हलतं. बजरंगनं एकदा रागाच्या भरात सविताच्या तोंडात मारली, तर तिकडं चुडाव्याला सासूनं, कडूबाईनं, शिवकन्याला दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शिवकन्या आजारी पडून माहेरी आठ दिवस जास्त राहिली, तर सविताला आठ दिवस जास्त माहेरी ठेवून घेतलं. दोन्ही घरांत कुणी तसं बोललं नव्हतं. ते आपोआप व्हायचं, तराजूचं पारडं व्हावं तसं. म्हणून जीवनचं चाकणचं घर कळल्यावरही शिवकन्यानं दोन वर्षं तोंड उघडलं नाही, आणि परत आली तीही भांडून नव्हे, पावसाळ्याच्या निमित्तानं. निमित्त संपलं, ती राहिली.

सोमवारी दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, तेव्हा ती अंगणात गेली. सविता चुलीवर लाह्या भाजत होती. कढईत ज्वारी तडतडत होती.

"सविता, कपाटाची किल्ली दे."

"कामून?"

"आल्बम पाहिजे. पत्रिका. अन् ते नोंदणीचं प्रमाणपत्र."

सवितानं फडक्यानं लाह्या दाबल्या. "आले का भाऊ?"

"सही करतो म्हणलाय."

"बरं झालं. सगळं ठरवलं तुमी दोघांनी." ती लाह्यांकडंच बघत होती. "ताई, तीन वर्सं झाले तुमी हितं हाव. मी कधी एका शब्दानं बोलले का?"

"न्हाई."

"मग आजबी तसंच राहा की. कोण हाकलायलंय तुमाला?"

"कोणीच न्हाई. पण मला त्याच्या नावानं राहायचं न्हाई, सविता. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, जिथं जाईन तिथं नवऱ्याचं नाव इचारतात, अन् मला ते सांगावं लागतंय. दर बारी सांगताना तोंडात खडा आल्यावानी होतंय."

"अन् माझी माय काय म्हणंल? त्यान्ची लेक सुटली, आपली लेक आणा. साटं म्हंजी साटं." एक लाही उडून तिच्या मांडीवर पडली, तिनं ती झटकली. "आत्ता नुसतं लोकं बोलायलेत. कोर्टाचा शिक्का पडल्यावर बोलणं न्हाई राहत ते. तुमी सुटताल. मी दोन लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

हा प्रश्न शिवकन्यानं स्वतःलाच तीन वर्षं विचारला होता, सविताच्या वतीनं, आणि दर वेळी फाईल उघडायच्या आधी मिटली होती.

पंचमीचा दिवस तिला खायला उठला. गिरणी बंद. विळी बंद. बायका नटून वारुळाकडं गेल्या, पोरींनी लिंबाला दोर बांधले. दुरून गाणं ऐकू येत होतं आणि शिवकन्या गिरणीत बसून, पुसलेलं मशीन पुन्हा पुसत होती. आई, सरजाबाई, दारात येऊन उभी राहिली.

"आज काही तोडायचं नसतंय, माय," ती म्हणाली.

"तोडायले कुठं. पुसायले."

"हातानं पुसायलीस. मनात कात्री हाय." सरजाबाई तेवढं बोलून निघून गेली. तिनं लेकीला कधी थांबवलंही नव्हतं आणि पुढंही ढकललं नव्हतं. तिच्यासाठी दोन्हीकडं लेकीच होत्या.

तिसऱ्या प्रहरी सविता आली. वारुळाला वाहिलेल्या लाह्यांचा प्रसाद तिनं शिवकन्याच्या हातावर ठेवला आणि पदराखालून एक कडक प्लास्टिकचा कागद काढला.

"हे घ्या. सरकारी हाय. ह्यात माझं तोंड न्हाई दिसत. आल्बम न्हाई देणार, त्यात मी हाय."

प्रमाणपत्र एक नव्हतं, दोन होते. बजरंगनं अकरा वर्षांपूर्वी राणीसावरगावला ते लॅमिनेशनला दिले होते, आणि दोन वेगळे कशाला म्हणून पाठीला पाठ लावून एकातच बसवून घेतले होते. एका बाजूला पहिलं नाव बजरंगचं, उलटं केलं की पहिलं नाव जीवनचं. इकडचं लग्न आणि तिकडचं लग्न एका कातडीत.

"आज मायचा फोन आला होता," सविता म्हणाली. "लेकरांचं इचारलं, पावसाचं इचारलं. ये म्हणली न्हाई. तीन पंचम्या झाल्या." ती जायला वळली आणि थांबली. "भाऊला सांगा, राखीला हितं या म्हणावं. माझ्या दारात. पाटावर बसून जेवा म्हणावं, गावासमोर. ते आले तर आल्बमाचं बघू."

बुधवारी शिवकन्या पहिल्या एसटीनं गंगाखेडला गेली. राजेश्री वकीलबाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. चष्मा वर केला.

"तुमच्या नवऱ्याचं नाव काय म्हणालात?"

"जीवन."

"जीवन गरुड. बरं. आणि बजरंग ढगे कोण?"

"माझा भाऊ."

वकीलबाईंनी कागद तिच्यापुढं सरकवला आणि बोट ठेवलं. वराचं नाव: बजरंग किशनराव ढगे. वधूचं नाव: शिवकन्या किशनराव ढगे. उलट बाजूला जीवन गरुड, आणि वधू सविता गरुड.

"वराच्या बापाचं नाव किशनराव, वधूच्या बापाचं नाव किशनराव," वकीलबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं कुणी वाचलंच नाही?"

शिवकन्या त्या कागदाकडं बघत राहिली. कुणी वाचलं नव्हतं हे खरं होतं. पहिलं नाव दिसलं की हा आपला, तो त्यांचा, एवढं पुरत होतं. कधी काम पडलं नव्हतं. रेशनकार्डावर सविताचं नाव पत्रिका दाखवून चढलं होतं. तिनं नकळत हात साडीला पुसले.

"चालत नाही का हे? पत्रिकेवर काम होईल म्हणला होतात."

"हे कपाटात नसतं तर झालं असतं. आता आहे म्हटल्यावर मी डोळे झाकून शपथपत्र कसं करू? उद्या कुणी काढलं बाहेर, तर तुमचं लग्न कुणाशी झालं इथूनच सुरुवात. आधी ही नोंद दुरुस्त करून आणा. मोडायच्या आधी लग्न नीट लागलेलं पाहिजे." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "राखीनंतरच्या सोमवारपर्यंत होईल?"

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा होती, तरी शिवकन्या उभी राहिली. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार होतं, बायका खुरपत होत्या, सगळ्यांची कामं आपापल्या सरीत चालली होती. तिच्या पिशवीत तो कागद कडक होऊन टोचत होता.

सवितानं कागद वाचायला वेळ घेतला. एक बाजू वाचली, मग दुसरी. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"भावासंगं," ती म्हणाली. तिला आधी हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला. "म्हंजी मी ह्यांची कोणच न्हाई?"

बजरंग बैलांना पाणी दाखवून नुकताच आत आला होता. तो तापट होता पण लबाड नव्हता. त्यानं कागद घेतला, दाराच्या उजेडात धरला आणि त्याचे कान लाल झाले.

"कागदाचं काय एवढं," तो म्हणाला. "गावाला म्हायती हाय ना कोण कोणाची."

"गावाला हाय," सविता म्हणाली. "कागदाला न्हाई. उद्या तुमी मला जा म्हणलाव तर मी काय दाखवू? हे?"

"मी कामून म्हणंन जा?"

"माझ्या भावानं तरी कुठं म्हणलं होतं. नुसता चाकणला गेला."

शिवकन्या उंबऱ्यावर बसली होती. सविता आपल्या भावाबद्दल असं बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

ग्रामसेवक दत्तराव यांच्याकडं तीन गावांचा कारभार. इथं ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. शुक्रवारी दोघी नणंदा-भावजया बरोबरच ग्रामपंचायतीत गेल्या. दत्तराव या गावात नवे होते. त्यांनी जुनं दप्तर काढायला लावलं, अर्ज काढले, आणि त्यांना उलगडा झाला. लग्नाच्या दिवशी मांडवातच चौघांनी कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या होत्या. पुढं कुणीतरी आधारकार्डं बघून अर्ज भरले. आडनावं बघितली आणि जोड्या लावल्या.

"नवरा-बायकोचं आडनाव एकच असतंय ना," दत्तराव म्हणाले. "पण तुमचं आधार माहेरच्या नावाचं. भरणाऱ्यानं ढग्याला ढगे लावली, गरुडाला गरुड. त्याच्या हिशेबानं बरोबरच केलं बिचाऱ्यानं."

"आमच्या हिशेबानं पाप झालं," सविता म्हणाली.

"चौघं समोर या. जुनी नोंद रद्द करू, नव्या दोन करू. मंगळवारी. चौघंही पाहिजेत, एक कमी चालणार नाही."

शिवकन्यानं बाहेर येऊन जीवनला फोन लावला. रिंग जात राहिली. तिनं अकरा वेळा लावला. शनिवारी तो बोलला. रविवारी म्हणाला बघतो. सोमवारी फोन बंद होता. त्या तीन दिवसांत तिनं दोन दळणं जाड दळली आणि कुणाचा तरी डबा कुणाला तरी दिला.

मंगळवारी साडेबाराला त्याची मोटारसायकल ग्रामपंचायतीसमोर थांबली. जीवन सुटला होता, पोट आलं होतं, कपाळावर हेल्मेटचा वळ होता. त्यानं बजरंगला नमस्कार केला. "दाजी."

"या, दाजी," बजरंग म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

खोलीत चार खुर्च्या नव्हत्या, म्हणून चौघं टेबलासमोर उभे राहिले. अकरा वर्षांनी चौघं पहिल्यांदा एका ओळीत होते. आपोआप लग्नाच्या फोटोतल्यासारखेच उभे राहिले, बजरंग, सविता, शिवकन्या, जीवन. दत्तरावांनी अर्ज पुढं केले आणि मग पेन वर उचललं.

"हे बघा, मला कळलंय तुमचं काय चाललंय. ह्या दोघांचं मोडायचंच असलं तर मी कशाला नोंद करू? उद्या मलाच विचारतील."

शिवकन्या काही बोलायच्या आत सविता बोलली. "ह्यान्ला मोडायचं हाय, म्हणून नोंद पाहिजे. मला न्हाई मोडायचं, म्हणून पाहिजे. तुमी दोन्ही लिहा, साहेब. अन् येगळं येगळं लिहा. पाठीला पाठ लावू नका."

दत्तरावांनी तिच्याकडं बघितलं आणि शाईचा पॅड उघडला.

सही करताना शिवकन्याच्या कानामागून पीठ कागदावर सांडलं. जीवननं सवयीनं हात उचलला, तिच्या कानाकडं नेला आणि मध्येच थांबवून आपल्या खिशावर ठेवला. "पीठ लागलंय," तो म्हणाला.

"गिरणी हाय माझी," शिवकन्या म्हणाली, आणि कागदावर फुंकर मारली.

बाहेर लिंबाखाली सवितानं भावाला अडवलं. शिवकन्या दोन पावलांवर होती, तिला ऐकू येत होतं.

"भाऊ, ताईची फारकत झाली तर माय मला आणा म्हणंल का?"

"म्हणंल."

"तुमी?"

जीवननं गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. "मायला तू म्हायती हाईस. मी चाकणला असतो."

"मी मायचं न्हाई इचारलं. राखीला या. हितं. न्हाई आलात तर फोटो मिळणार न्हाई, अन् मीबी पुन्हा तुमाला फोन करणार न्हाई."

त्यानं गाडीला किक मारली आणि गेला. शुक्रवारी दत्तरावांनी दोन प्रमाणपत्रं दिली, साधे पातळ कागद, शाई अजून ओली असल्यासारखे. सवितानं आपलं घेतलं, दोन्ही नावं बोटानं वाचली, आणि घरी येऊन कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं. लॅमिनेशनला द्यायला ती तयार नव्हती. जुन्याचं काय झालं ते शिवकन्यानं विचारलं नाही. संध्याकाळी चुलीतून प्लास्टिक जळल्याचा वास येत होता.

राखीच्या दिवशी सविता पहाटेच न्हाली. तिनं अंगण सारवलं, रांगोळी काढली, पुरण घातलं. गहू शिवकन्यानं स्वतः दळून दिला. आधी दोन मुठी टाकून दिल्या, जातं दोनदा साफ केलं. सकाळी शिवकन्यानं बजरंगला ओवाळलं. त्यानं ताटात काय टाकलं ते तिनं बघितलं नाही, तिचे कान रस्त्यावर होते. दहा वाजले. बारा वाजले. बजरंग म्हणाला जेवून घेऊ. सविता म्हणाली तुम्ही घ्या. एक वाजता चांगुणाबाई विनाकारण अंगणातून जाऊन आली. पाट मांडलेला होता आणि त्यावर मांजर येऊन बसलं, सवितानं ते उठवलं, ते पुन्हा बसलं.

शिवकन्या गिरणी आणि अंगण यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. आपण आपल्या फोटोसाठी वाट बघतोय की हिच्या भावासाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तो न आला तर सोमवार जाणार होता. पण त्याहून जास्त, तो न आला तर हिनं त्या पाटाचं काय करायचं, हे तिला बघवणार नव्हतं.

तीन वाजून गेल्यावर गाडीचा आवाज आला. जीवननं चपला बाहेर काढल्या, हातात एका साडीचं पार्सल होतं. दारात उभा राहून तो, शेजारपाजारला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाला, "मायनं येऊ दिलं न्हाई लवकर. ती म्हणली, जाशील तर सविताला घेऊनच ये. मी म्हणलं, तिचं घर हाय तिथं. तिला कोणी आणायचं न्हाई."

सवितानं मांजराला उचलून बाजूला ठेवलं आणि पाट पुसला. राखी बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. वाढायला शिवकन्या पुढं आली नाही; ती चुलीपाशी बसून पोळ्या लाटत राहिली आणि सविता ताटापर्यंत नेत राहिली. जीवननं चार पोळ्या खाल्ल्या. "पीठ मऊ हाय," तो म्हणाला. चुलीपाशी लाटणं चालूच राहिलं.

सोमवारी सविताही गंगाखेडला आली. पत्रिका तिनं शिवकन्याच्या फाईलमध्ये घातली, पण आल्बम कुणाच्या हातात दिला नाही, एसटीत मांडीवर धरून बसली. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. पातळ पॉलिथीनखालून फोटो निघत नव्हता, तेव्हा तिनं आख्खं पानच काचेवर उपडं धरलं.

"चौघांचा आहे हा," दुकानदार म्हणाला. "कोर्टाला दोघांचाच लागत असंल ना? अर्ध्यावर कोरा कागद टाका."

सवितानं कोरा कागद घेतला. पान उलटून बघितलं. बाशिंगं, मुंडावळ्या, घामेजलेले चार चेहरे. तिनं तो कागद बजरंगवर आणि स्वतःवर अलगद ठेवला, कडा नीट जुळवली आणि पान परत काचेवर दाबलं. हिरवा उजेड सरकत गेला.

वकीलबाईंकडं जीवन आधीच येऊन बसला होता. टेबलावर सगळं मांडलं गेलं. आधार, फोटो, पत्रिका, नवं प्रमाणपत्र. जीवननं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या, घड्याळ बघत, रात्रीच्या गाडीचा हिशेब करत. शिवकन्यानं प्रत्येक पान सही करायच्या आधी वाचलं, पहिल्या नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत. वकीलबाई म्हणाल्या, दाखल झाल्यावर सहा महिने, मग दोघांनी पुन्हा यायचं. सहा महिने म्हणजे माघ, शिवकन्यानं बोटांवर मोजलं. माघात तो येईल की नाही, ही काळजी तिथंच, त्या खुर्चीवरच, तिच्या बाजूला येऊन बसली.

वकीलबाई झेरॉक्स बघत होत्या. "फोटोत तुम्ही दोघं आहात, ठीक. पण हा हात कुणाचा?"

शिवकन्या वाकली. कागदावर ती होती, शेजारी जीवन होता, आणि दुसऱ्या बाजूला, जिथं कोऱ्या कागदाची कडा होती, तिथून चार बोटं आली होती. हिरव्या चुड्याच्या मनगटासकट. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला होता.

"हिचा," ती म्हणाली. मागच्या बाकावर सविता आल्बम कवटाळून बसली होती. "पुन्हा काढून आणू का?"

वकीलबाईंनी क्षणभर दोघींकडं बघितलं आणि पान फाईलला लावलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "काही अडत नाही."